सारीचं आंधळं पुस्तक

तुमी बसा निवांत, मी आपली उठत-बसत बोलते, कारन एका जागी बूड टेकून बोलायचं माझ्यानं व्हत न्हाई, लहानपनापासनंच न्हाई. माहेर माझं शिनोलीचं, घोडेगाववरनं भीमाशंकरला जायचा रस्ता हाय ना, त्या रस्त्यालाच घर, एसटीचा आवाज आला की मी हातातलं टाकून दारात पळनार आन आई मागनं वरडनार, अगं भवाने, तुला काय न्यायला आलीय का ती. पहिलीत दोन-चार महिने गेले असन, तवर पाठीवरचा भाऊ झाला, त्याला कडेवर कोन घेनार तर मी, झाली शाळा. पन काय सांगू तुम्हाला, अक्षराची आग एकदा लागली ना की ती इझत न्हाई. दुकानातनं साखर यायची, चहापत्ती यायची, ती वर्तमानपत्राच्या पुडीत. पुडी सोडली की मी कागद मांडीवर घेऊन सरळ करायची आन थोरल्या भावाला इचारायची, ह्यो काय, ह्ये काय. तो चिडायचा, कधी सांगायचा, कधी टपली मारायचा. असं एकेक अक्षर येचलं, काढलेल्या रानात शेंगा येचत्यात तसं. आन वाचायला आलं तर काय, बातमी अर्धीच! कुनाची तरी बैलजोडी इहिरीत पडली, म्होरं काय झालं ते दुसऱ्याच्या पुडीत गेलेलं. माझा जीव आपला त्या बैलांत.

लग्न होऊन आले ती हिकडं, निमगाव साव्याच्या अलीकडची ही वाडी. कांदा, बाजरी, दोन म्हशी. दीर, जावा, सासू, सगळ्यांचं करता करता दिवस जायचा. मग वाडीत बालवाडी निघाली. बाई पायजे म्हनले, लिहिता-वाचता येनारी. सगळ्या सुना एकमेकींकडं बघायला लागल्या, आन माझी सासूच म्हनली, हिला न्या, ही पुडीचं कागद वाचत बसती, निदान कामाचं तरी वाचंल. हसले सगळे. मी मातर गेले. देवळाच्या मंडपात पोरं बसवायची, गानी म्हनायची, नाकं पुसायची. तवापासनं मी सगळ्या वाडीची मावशी.

थांबा, दुधाखालचा जाळ बारीक करून येते. हां.

तर वाडीच्या कडंला धनगरांची घरं हायेत, त्यातलं धोंडीबाबाचं घर आमच्या बांधाला लागून. त्यांचं कसं, पावसाळ्याचं वाडीत ऱ्हायाचं आन दिवाळी झाली की मेंढरं घेऊन माळशेजच्या घाटानं खाली उतरायचं. घोड्यावर बिऱ्हाड, बिऱ्हाडावर बांधलेल्या कोंबड्या, कोंबड्यांच्या शेजारी लेकरं. उन्हाळा सरंपतुर तिकडंच, मग शाळा कुठली. शाळेत नाव असायचं, लेकरू घाटाखाली. धोंडीबाबाची नात सारिका, आमी सारी म्हनायचो, ती माझ्या बालवाडीतली, आन त्या साली तिला मराठी शाळंत पहिलीत घातली. डोळं असं टपोरं, तोंडाचा पट्टा चालू. तिची आई लता, म्हंजे धोंडीबाबाची सून, ती मातर मुकी म्हना ना. म्हंजे मुकी न्हाई, पन सासऱ्याम्होरं तिचा आवाज कुनी ऐकला नव्हता. पदर पुढं, मान खाली.

त्या साली गणपतीत धोंडीबाबाकडं पावनं आले, त्याच्या धाकट्या मुलीला बघायला. मला बी बोलावलं, चहाला हाताखाली. तर धोंडीबाबानं नातीला हाक मारली, सारे, पुस्तक आन, पावन्याला वाचून दाव. आली पोर टुनटुन उड्या मारत. पहिलीचं पुस्तक उघडलं, बोट ठेवलं, आन जी सुटली ती सुटलीच, कोंबडीचा धडा, तळ्याचा धडा, आजीच्या चष्म्याचा धडा, बोट सरकतंय, पान उलटतंय, कुठं अडकाय न्हाई का श्वास न्हाई. पावनं म्हनले, अहो धोंडीबा, पोरगी हाय का वकील? धोंडीबाबाच्या मिशा अशा फुलल्या राव! मोठ्यानं म्हनला, सगळ्यांनी ऐका, ही पोर ह्या दिवाळीला मेंढरामागं येनार न्हाई, वाडीत ऱ्हाईल, मावशीजवळ. आमच्या खानदानात एकाला तरी अक्षर येऊ द्या. माझ्याकडं बघून म्हनला, काय मावशे, ठेवशील का? मी म्हनलं, बाबा, ठेवते म्हंजे काय, डोक्यावर ठेवते. दीर-जावा कवाच येगळे झालेले, माझा मुलगा भोसरीला कंपनीत, घर रिकामं, मला तर आभाळ ठेंगनं झालं.

आन मग ते कोकरू आलं मधी. सारीनं पुस्तक वाघरीपशी ठेवलं, वाघर म्हंजे मेंढरं कोंडायची जाळी, तर कोकरानं जाळीतनं तोंड काढून निम्मं पुस्तक खाल्लं. पोर रडत आली माझ्याकडं. मी म्हनलं, गप, माझ्याकडं हाय की. बालवाडीत एक जुनं पुस्तक व्हतं पहिलीचं. त्यातली चित्रं मीच कातरीनं कापून देवळाच्या भितीला चिकटवलेली, लहान पोरांना दावायला, आमी सगळ्या बालवाडीच्या बाया तसंच करायचो, तक्ते कुठनं आनायचे. पाठच्या पानाची चार अक्षरं गेली असतील, बाकी सगळी जागंवर, चित्रांच्या जागी तेवढ्या खिडक्या. ते दिलं तिच्या हातात.

उघडलं तिनं. खिडकीतनं बोट आरपार घातलं, हिकडनं बघितलं, तिकडनं बघितलं. पान उलटलं. मी म्हनलं, वाच की. तर माझ्याकडं बघून काय म्हनती, मावशी, हे पुस्तक आंधळं हाय.

मी म्हनलं, चित्र नसू दे, अक्षर हाय ना, हे बघ, ह्यो कोंबडीचा धडा. कोंबडी म्हनताच पोर सुटली धडाधड, सगळा धडा, एक शब्द हिकडचा तिकडं न्हाई. मी तिचं बोट धरून मधल्याच एका शब्दावर ठेवलं, म्हनलं, ह्यो कोनता? तिला येईना. दुसरा? येईना. माझ्या ध्यानात आलं सगळं. धनगराचं लेकरू ते, कळपातलं मेंढरू तोंडावरनं वळखायचं, हे त्यांच्या रक्तात, आन हिनं पानं बी तशीच वळखली व्हती, तोंडावरनं. कोंबडी दिसली की कोंबडीचा धडा. वर्गात बाकीची पोरं म्हनत्यात ते कानात बसलेलं, बोट आपलं नुसतं चालतंय वरनं.

मला बाई त्या रात्री घास उतरंना. धोंडीबाबा गावभर सांगत हिंडतोय, माझी नात वाचती, नात वाचती. त्याला कळलं तर दिवाळीला पोर घोड्यावर. आन मी न बोलता ऱ्हाऊ कशी, माझ्या पोटात गोष्ट टिकत न्हाई. सकाळी चुलीवरचा तवा तसाच ठेवून शाळंकडं पळाले.

शाळंत वैशालीबाई व्हत्या, नवीनच आलेल्या, जुन्नरवरनं रोज येऊन-जाऊन करायच्या. मी रडतच सांगितलं सगळं. तर ती बाई हसली हो! मला राग आला. म्हनलं, बाई, पोरीचं वाटुळं झालं आन तुमी हसता. म्हनली, मावशी, वाटोळं कसलं, पोरगी अर्ध्या वाटेवर आलीये. कागद बोलतो हे तिला कळलंय, बोट इकडून तिकडं न्यायचं हे कळलंय, गोष्ट तिला आवडते. खोटं बोलत नाही ती, तिला वाटतं ह्यालाच वाचन म्हणतात. आता फक्त तोंडातला शब्द आणि कागदावरचा शब्द, दोघांची गाठ घालून द्यायची. मी म्हनलं, दिवाळी तोंडावर आलीया. ती म्हनली, मग चला, तिच्या घरातली मेंढरं कोणती ते सांगा.

मला वाटलं, हिचं डोकं फिरलं. पन तिनं पोरीलाच इचारलं, तुझ्या मेंढरांची नावं काय गं? सारी खुलली. काळी, काजळी, लवंगी, भुरी, बांडी, ही लंगडी, ती चोरटी. बाईंनी मिठाईच्या खोक्याचे तुकडे केले, एकेकावर एकेक नाव मोठ्या अक्षरात लिवलं, आन म्हनली, जा, ज्याचं नाव त्याच्या गळ्यात बांध. मी म्हनलं, बाई, मेंढरं खात्यात ते. ती जुन्नर पेठंतली, तिला काय ठावं, म्हनली, गळ्यातलं कसं खातील? स्वतःच्या गळ्यातलं न्हाई खाल्लं, एकमेकीच्या गळ्यातलं खाल्लं! सांजच्याला सारी रडत, बाई डोक्याला हात लावून, आन मी इतकी हसले इतकी हसले की धोंडीबाबाची म्हातारी आतनं बघायला आली.

मग गेरू कालवला आन मेंढरांच्या वाड्याच्या दगडी भितीवर नावं लिवली. तिथं कोन खातंय. पोर येता-जाता भितीसमोर उभी. पयल्यांदा जागंवरनंच वळखायची, कोपऱ्यातली लवंगी, दाराजवळची भुरी. बाईंनी सगळं पुसलं, जागा बदलल्या. पोर रुसली. मग दोन दिस बघत बसली, आन एक दिस मी शेनाची पाटी घेऊन चाललेली, तर मला पदराला धरून वढत नेलं, मावशी, काळी आन काजळी एकाच आईच्या दिसत्यात, दोघींचं तोंड सारखं हाय! पाटी खाली टाकली मी. शेनाच्या हातानं पोरीची अलाबला घेतली. तिथनं गाडी सुरू झाली बघा. काळीतला का, काजळीतला का, मग काकातला का. मग लवंगीतला ल आन लताचा ल. आईचं नाव भितीवर लिवलं तिनं, वाकडं-तिकडं, लता येता-जाता त्याच्यावरनं हात फिरवायची, कुनी बघत न्हाई असं बघून.

पन एक गोष्ट लई अवघड गेली, ती माझी. पोर पुस्तक घेऊन माझ्याशेजारी बसायची, अक्षर लावायची, क... म..., आन अडकायची, आन माझ्या तोंडातनं शब्द भाईर! मला दम निघायचा न्हाई. बाईंनी एकदा बघितलं, मला बाजूला घेतलं. म्हनली, मावशी, तुमी सांगितलं की ती तुमच्या तोंडाकडं बघते. सांगू नका. थांबा. मी म्हनलं, किती थांबू? म्हनली, तिचं तिला सापडेपर्यंत. तुमाला सांगते, मी उन्हात कांदे काढलेत, पोटुशी असताना इहिरीचं पानी वढलंय, पन अडकलेल्या लेकराशेजारी तोंड मिटून बसायचं, ह्याच्यासारखं जड काम न्हाई. हात चोळायची, बोटं मोडायची, पदराचा बोळा तोंडात धरायची. उठून जायचं बी न्हाई, उठलं की पोरीला वाटतं ही कटाळली.

दिवाळी आली. पोर आता नवा धडा बी लावून-लावून वाचायला लागली, एक वळ वाचायला चहा उकळून निवायचा, पन वाचायची, स्वतःचं. आन पाडव्याला तेच पावनं परत आले, सुपारी फोडायला. अंगनात घोंगड्या अंथरलेल्या. धोंडीबाबा म्हनला, सारे, पावन्याला वाचून दाव. आता पोरीनं जुना धडा म्हनायचा ना, कोंबडीचा, झाली असती सुटका. पन तिला तिचा नवा माल दावायचा व्हता! शाळंत झालाच न्हाई असा पाठीमागचा धडा काढला, माझ्याकडं बघून हसली, बोट ठेवलं. आ... जो... बा... आजोबा. बा... जा... रा... त. मग थांबली. अक्षरं चाचपती, व्हट हलतायत, आवाज न्हाई. मला तो शब्द दिसत व्हता, जिभंवर आला व्हता, मी पदर दाताखाली दाबला. मनात म्हनतीया, घे पोरी, घे, घे. तिनं काढला तो शब्द! अन मी आनंदानं वर बघते तर काय, धोंडीबाबाचं तोंड काळंठिक्कर पडलेलं. पावनं एकमेकाकडं बघतायत. एक जन म्हनला, पोरगी दमली जनू, ऱ्हाऊ द्या. दुसरा म्हनला, गणपतीत तर मैना व्हती की, नजर लागली का काय.

मी एकटी हसत व्हते त्या अंगनात. बाकी सगळ्यांना वाटलं, पोरीचं गेलं.

पावनं गेल्यावर धोंडीबाबा माझ्यावर असा तुटून पडला. व्हतं ते बी घालवलंस गं मावशे! पानी वाहतं तशी वाचत व्हती पोर, तू आन त्या बाईनं भितीवर रेघोट्या मारून तोतरी केली तिला. चार लोकांत माझी मान खाली घातली. काय न्हाई शाळा-बिळा, परवा निघायचंय, पोर संगं येनार. मी समजावलं हो, बाबा, तवा ती वाचत नव्हती, म्हनत व्हती, आता वाचती. तर म्हनला, मला काय कान न्हाईत? अडानी असन मी, बहिरा न्हाई. मी म्हनलं, नेहमीच्या वाटंनं तू डोळं झाकून मेंढरं नेतोस, पन नव्या रानात शिरलास तर पाय चाचपून टाकतोस का न्हाई? म्हनला, मला शिकवू नगंस. वैशालीबाई बी आली, तिनं बी सांगितलं. तो बाईम्होरं हात जोडून उभा ऱ्हायला, मान हलवली, आन ती गेल्यावर पोरीचं गाठुडं बांधायला लावलं.

निघायच्या दिवशी मी पहाटंपासनं आत-भाईर, आत-भाईर. घोड्यावर बिऱ्हाड चढलं, कोंबड्या चढल्या. कुत्री भुकतायत, मेंढरं रस्त्याला लागलेली. सारी भितीपशी उभी, रडत न्हाई का काय न्हाई, बोटानं लवंगी वाचतीया. धोंडीबाबानं हाक मारली, लते, पोरीला चढव. लतानं गाठुडं उचललं. उचललं आन तशीच उभी ऱ्हायली. मग म्हनली, मामंजी. आमी सगळ्यांनी वळून बघितलं, म्हंजे आवाज कुनाचा हेच कळंना. मामंजी, ही पयल्यांदा बोलाय लागली तवा बी अशीच बोलत व्हती. मा... मा... पा... पा... करून. आपुन सगळे हसलो व्हतो, तुमी तर खडीसाखर वाटली. तवा कुनी म्हनलं न्हाई, पोर रडत व्हती ती बरी, आता तोतरी झाली.

बस. एवढंच बोलली. पदर पुढं, मान खाली, पन गाठुडं काय घोड्यावर ठेवंना. धोंडीबाबानं घोड्याचा पट्टा आवळला, सोडला, परत आवळला. मग कुनाकडंच न बघता म्हनला, बायकांच्या तोंडाला कोन लागनार, उशीर झाला, चला. आन चालायला लागला. लतानं गाठुडं माझ्या पायाशी ठेवलं. पोरीला जवळ घेतली न्हाई, घेतली असती तर सोडली नसती. गेली तशीच, मागं बघितलं न्हाई.

आन सारी मग रडली, रडली म्हंजे काय, आठ-आठ दिस भाकरीला हात लावंना. घाटाकडं तोंड करून बसायची. मी ओसरीत येरझाऱ्या घालायची, मला वाटायचं, चार अक्षरासाठी लेकराला आईपासनं तोडलं मी, कुठं फेडू. अजूनबी तो इचार आला की मला झोप न्हाई लागत, खोटं कशाला बोलू. शाळंतनं आली की ती भितीसमोर जाऊन लता लिवलेलं वाचायची. वाचायला एवढंसं नाव, पन उभी किती ऱ्हायची.

उन्हाळा सरता कळप वर आला. लता आली, पोरीला छातीशी धरून बसली, ते आमी कुनी बघितलं न्हाई, घरात निघून गेलो. सांजच्याला धोंडीबाबा माझ्या ओट्यावर आला. पावनं न्हाई, कोन न्हाई, एकटाच. म्हनला, सारे, वाच काय ते. पोरीनं पुस्तक काढलं. आता ती बऱ्यापैकी वाचायची, म्हाताऱ्याला दावायचं म्हनून भरभर सुटली. एका बोकडाची गोष्ट व्हती, बाजारात हरवलेल्या. थोडं ऐकलं म्हाताऱ्यानं, आन हात वर केला. म्हनला, हळू गं. हळू वाच. बोकड कुठं गेला ते माझ्या ध्यानात येऊ दी.

धोंडीबाबा गेला आता. मेंढरं बी थोडी ऱ्हायलीत, घाटाखाली कुनी जात न्हाई फारसं, पोरं गाडीवर हिंडत्यात. सारी बारावी झाली, लग्न करून बोरी बुद्रुकला दिली, सुखात हाय, तिची तिची भांडनं बी करती सासूशी, चांगलं हाय. बालवाडी माझी सुटली, गुडघं गेले. पन आजकाल पोरांना घेऊन येत्यात लोक, मावशी, बघा आमचा बंट्या इंग्लिश पोएम म्हनतो, आन बंट्या हात-पाय हलवून म्हनतो घडाघडा, आई टाळ्या पिटती. माझा हात वळवळतो, वाटतं पुस्तकातलं चित्र झाकून बघावं एकदा. एकीच्या पोराचं झाकलं तर तिला राग आला, मावशी, तुमचा काळ गेला म्हनली. गेला तर गेला बाई. पोरगं तुझं सुखी ऱ्हाऊ दे, पन अडकायला लागलं की त्याला मारू नगंस, तेवढं कर.

आन ती बघा, तिथं खांबाला टेकून बसलीया ना, ती लता. दुपारची येती रोज. पोराचं लगीन झालं, सुनंनं घर सांभाळलं तशी मोकळी झाली, म्हनली, मावशे, आता मला शिकव. केस पिकले, चष्मा लागला, आन बसली पहिलीचं पुस्तक घेऊन. आता बी अडकलीया कुठंतरी, मघापासनं व्हट हलतायत, मी बघतीया हिकडनं. सांग की गं म्हनून माझ्यावर चिडती बी. पूर्वी सासऱ्याम्होरं तोंड उघडत नव्हती, आता मला शिव्या देती. देऊ दे. मी न्हाई सांगत. सापडंल तिचं तिला, मला कुठं जायचंय.